मडक्यातली चिठ्ठी

गेल्या महिन्यात नागपुरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक एकांकिका पाहिली. तेव्हापासून तिच्याविषयी जो वाद कानावर पडतो आहे, त्याने मला त्या एकांकिकेपेक्षाही जास्त अस्वस्थ केले आहे. कथा साधी होती. भंडाऱ्याकडच्या एका गावाचा जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातला, तलाव, ज्याला आपल्याकडे मामा तलाव म्हणतात, दर पावसाळ्यात फुटतो. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कितीदा बांधली तरी खचते. मग गावातला एक जाणता सांगतो की पाळीला जिवंत माणूस हवा आहे. गाव चारशे घरांचे, जीव एक. पाटील घरटी एक नाव लिहून चिठ्ठ्या मडक्यात टाकायला लावतो. एका लहान पोराकडून चिठ्ठी काढली जाते आणि नाव निघते ते आईबाप नसलेल्या, चुलत्याच्या घरी शेणगोठा करणाऱ्या मुलीचे. ती हसत पाळीत उतरते. पाळ टिकते, धान पिकते, गाव वाचते आणि शेवटच्या प्रवेशात तिच्या नावाने पाळीवर दिवा लावला जातो. पडदा पडला तेव्हा प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खरे सांगायचे तर क्षणभर माझेही हात जुळून आले होते.

त्यानंतर दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते ही आपल्या मातीतली त्यागाची उदात्त कथा आहे, चारशे घरांसाठी एका जिवाने स्वतःला वाहून घेणे यापेक्षा मोठे काय असू शकते आणि आजच्या स्वार्थी पिढीला हेच सांगायला हवे. दुसरा पक्ष तितक्याच तावातावाने म्हणतो की डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ज्या महाराष्ट्राने २०१३ साली शीर्षकातच 'नरबळी' हा शब्द असलेला कायदा केला, त्या महाराष्ट्रात रंगमंचावर असा बळी देऊन त्याला दिवा लावणे हा अंधश्रद्धेचा प्रचार आहे आणि असल्या संहिता स्पर्धेत घेऊच नयेत. दोन्ही बाजूंची तळमळ खोटी नाही. तरीही हा वाद मला वाईट तऱ्हेने लढला जातो आहे असे वाटते, कारण दोन्ही पक्षांनी एकांकिकेने मांडलेले गणित जसेच्या तसे स्वीकारले आहे. एक म्हणतो, चारशेसाठी एक चालेल. दुसरा म्हणतो, चारशेसाठीही एक चालणार नाही. चारशे आणि एक हे आकडे फळ्यावर कुणी लिहिले, हे कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अनेकांसाठी एकाचा जीव जाणारी कथा लिहिणे यात काही गैर नाही. जगातल्या उत्तम कथांपैकी कितीतरी याच पेचावर उभ्या आहेत. परंतु तो 'एक' कोण असावा हे कुणी ठरवले, त्याला नाही म्हणण्याची वाट होती काय आणि दुसरा उपाय खरोखरच शोधून झाला होता काय, हे तीन प्रश्न जी कथा झाकून ठेवते, ती त्यागाची कथा नव्हे. ती खुनाची कथा असते आणि तिने वाचकाची संमती आधीच घेऊन ठेवलेली असते. त्या एकांकिकेने हे तिन्ही प्रश्न झाकले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. मराठीत माणूस बळी 'जातो', बळी 'पडतो', त्याचा बळी 'दिला' जातो आणि 'घेतला'ही जातो. यांपैकी एकाही प्रयोगात त्याच्या इच्छेचा उल्लेख नाही. स्वेच्छेने प्राण देणाऱ्यासाठी आपण वेगळा शब्द राखून ठेवला आहे, बलिदान किंवा आत्मार्पण. गोंधळ होतो तो बळीला बलिदान म्हणायला लागल्यावर, आणि तो शब्द बहुधा ज्यांचा जीव वाचलेला असतो तेच वापरतात. नागपूरकराला याचे उदाहरण लांब शोधायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लहान लेकरे पुष्कळ होती. सीताबर्डीत त्यांचे स्मारक आहे आणि उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचे नाव आहे. स्मारक हवेच होते, त्याविषयी दुमत नाही. पण ती माणसे शहीद व्हायला आली नव्हती, एक निवेदन घेऊन आली होती. 'शहीद' म्हटल्याने त्यांचा मान वाढला हे खरे, आणि ती का मेली हा प्रश्न थोडा मागे सरकला हेही खरे.

आता गणिताकडे येतो. कथेतली परिस्थिती आकाशातून पडत नाही, लेखक ती रचतो. १९५४ साली टॉम गॉडविन या अमेरिकन लेखकाची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही विज्ञानकथा प्रसिद्ध झाली. आजारी माणसांसाठी औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात इंधन अगदी मोजून भरलेले आहे, भावाला भेटायला म्हणून एक तरुण मुलगी त्यात लपून बसली आहे आणि तिच्या वजनामुळे यान उतरूच शकणार नाही. म्हणून तिला अवकाशात सोडून द्यावे लागते. निसर्गाचे नियम दयामाया जाणत नाहीत, असा त्या कथेचा बोध समजला जातो. परंतु ही कथा छापणारे संपादक जॉन कॅम्बेल यांनी ती लेखकाकडे पुन्हा पुन्हा परत पाठवली होती, कारण लेखक दर वेळी मुलीला वाचवण्याची काहीतरी युक्ती शोधून काढत होता. म्हणजे मुलगी मेली ती निसर्गनियमामुळे नव्हे, संपादकाच्या आग्रहामुळे. शिवाय यानात थोडेही जास्त इंधन ठेवायचे नाही आणि आत शिरणाऱ्याला रोखायला दारावर पाटीपलीकडे काही नाही, ही व्यवस्था कुणी केली? कथा त्या व्यवस्थेला हवेसारखे, पाण्यासारखे नैसर्गिक मानून पुढे जाते.

आमच्या एकांकिकेतल्या तलावाचेही तसेच आहे. ज्याने भंडारा-गोंदियाकडचे तलाव पाहिले आहेत त्याला ठाऊक आहे की पाळ फुटते तेव्हा बहुतेक वेळा दोष सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेत, असतो. सांडवा बुजला, त्यात कुणी धानाची बांधी काढली किंवा तलावातला गाळ वर्षानुवर्षे उपसला नाही, की पाणी पाळीवर चढते. कोहळी समाजाने हे तलाव बांधले तेव्हा पाळ, सांडवा आणि पाट यांचा मेळ त्यांनी पिढ्यांच्या अनुभवातून बसवला होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कुणी काढायचा याचा निकाल कित्येक ठिकाणी अजून लागलेला नाही. एकांकिकेत चाळीस मिनिटांत सांडव्याचा उल्लेख एकदाही येत नाही. का येत नाही? कारण तो आला असता तर सांडव्यात धान कुणी लावले हे निघाले असते, आणि मग कदाचित पाटलाच्या शेतापर्यंत जावे लागले असते. सांडवा मोकळा करण्यापेक्षा मुलगी पुरणे स्वस्त पडते, एवढाच त्या गावाच्या 'व्यापक हिताचा' हिशेब आहे.

आणि स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हे जुन्या कथांनी फार स्वच्छ सांगितले आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या शुनःशेपाच्या आख्यानात हरिश्चंद्राने वरुणाला आपला मुलगा रोहित देण्याचे वचन दिलेले असते. रोहित स्वतःच्या जागी दुसरा मुलगा विकत घेतो. भुकेने गांजलेल्या अजीगर्ताला तीन मुलगे आहेत. थोरला बापाला द्यायचा नाही, धाकटा आईला द्यायचा नाही, म्हणून मधला, शुनःशेप, शंभर गाईंना विकला जातो. पुढे त्याला यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधायला कुणी तयार होत नाही, तेव्हा बाप आणखी शंभर गाई घेऊन स्वतः बांधतो, आणि मारायला आणखी शंभर घेतो. कन्नडमधल्या 'केरेगे हार' या लोकगीतात तळ्याला पाणी लागत नाही म्हणून सून द्यायची ठरते. थोरली दिली तर घराचे थोरलेपण सांभाळायला कुणी उरणार नाही, म्हणून धाकट्या भागीरथीचे नाव निघते. नवरा तेव्हा घरी नसतो. पुरंदरच्या बुरुजाची दंतकथाही अशीच: बुरुज टिकेना म्हणून त्याच्या पायात एक तरुण जोडपे पुरले गेले, आणि ते किल्लेदाराच्या घरातले नव्हते, गावकुसाबाहेरचे होते. मधला मुलगा, धाकटी सून, गावकुसाबाहेरचे जोडपे, पोरकी पुतणी. यादी वाढवता येईल, पण तीत राजाचा थोरला मुलगा क्वचितच सापडेल. चिठ्ठी आंधळी असते असे आपण म्हणतो. आंधळा असतो तो चिठ्ठी काढणारा हात. चिठ्ठीवर नाव लिहिणारा चुलता चांगला डोळस असतो.

हे केवळ कथेत घडत नाही. १८८४ साली मिन्योनेट नावाची इंग्रजी नौका बुडाली आणि चार खलाशी एका होडीत अन्नपाण्यावाचून कित्येक दिवस भरकटले. शेवटी दोघांनी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्कर या पोऱ्याला मारले आणि त्याच्या मांसावर तिघे जगले. सुटका झाल्यावर त्यांनी काही लपवले नाही; एक मेला नसता तर चौघेही मेले असते, हा त्यांचा बचाव होता. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूने होती. न्यायालयाने मात्र त्यांना खुनी ठरवले आणि विचारले ते असे, की ही निकड ठरवायची कुणी? सगळ्यांत लहान, सगळ्यांत दुबळा आणि प्रतिकार न करू शकणारा तेवढा निवडला गेला. प्रौढ माणसांपैकी एकाला मारण्याहून त्याला मारणे अधिक आवश्यक होते काय? फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली, म्हणजे दयाही दाखवली गेली. पण दया वेगळी आणि समर्थन वेगळे, हे न्यायालयाने स्पष्ट ठेवले. आपल्या त्या टाळ्यांत नेमका हाच फरक बुडाला.

यावर समोरून येणारा सर्वांत भक्कम आक्षेप मला मान्य आहे. मोजायचेच नाही म्हणणे ही पुष्कळदा चैन असते. ज्याच्यावर निर्णयाची जबाबदारी आहे त्याला हात स्वच्छ ठेवून बसता येत नाही. त्याने काही केले नाही तरी माणसे मरतातच. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात प्राणवायूची खाट कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे ज्या डॉक्टरांना ठरवावे लागले त्यांना 'मोजू नका' असा उपदेश करण्याची माझी हिंमत नाही. धरणांचेही तसेच. १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली तेव्हा वैनगंगेचे पाणी अडले तर हजारो शेतांना मिळेल हे खोटे नव्हते, आणि त्यासाठी काही गावे पाण्याखाली जाणार हेही टळणारे नव्हते. या पक्षाच्या हाती जुना श्लोकही आहे: 'त्यजेदेकं कुलस्यार्थे ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत्', कुळासाठी एकाला सोडावे, गावासाठी कुळाला सोडावे. महाभारतात दुर्योधनाच्या जन्माच्या वेळी विदुर हे धृतराष्ट्राला ऐकवतो. धृतराष्ट्राने ऐकले नाही आणि पुढे अठरा अक्षौहिणी सैन्य मेले. विदुराचे गणित बरोबर नव्हते काय?

होते. परंतु विदुर ते कुणाला सांगतो आहे याकडे पाहावे. तो राजाला सांगतो आहे, आणि राजाच्या स्वतःच्या थोरल्या मुलाविषयी सांगतो आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने स्वतःचे सर्वांत प्रिय ते सोडावे, अशी ही मागणी आहे. शिवाय शब्द 'त्यजेत्' आहे, सोडावे; मारावे असा नाही. पुढे हाच श्लोक पंचतंत्रातून, नीतिग्रंथांतून फिरत फिरत सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आला आणि ते तो दुसऱ्यांच्या मुलांविषयी म्हणू लागले. श्लोकाचा शेवटचा चरण तर कुणी उद्धृतच करत नाही: 'आत्मार्थे पृथिवीं त्यजेत्'. आत्म्यासाठी सगळी पृथ्वी सोडावी. तीन पायऱ्या संख्या वाढत जाते आणि चौथ्या पायरीवर तराजूच उलटा होतो. ज्याने हा श्लोक रचला त्याला नुसत्या बेरजेचा भरवसा वाटत नसावा. राहिली गोष्ट डॉक्टरांची. त्या दिवसांत असा निर्णय घेतलेला माझ्या ओळखीचा एक डॉक्टर आजही त्याविषयी बोलायला लागला की मध्येच थांबतो. त्याने मोजले, पण मोजून झाल्यावर दिवा लावला नाही. गोसीखुर्दच्या बुडित गावांतली माणसे पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिली ती 'तुमचा त्याग थोर आहे' असे भाषणांतून ऐकतच. निर्णय अटळ असू शकतो. त्याचे गाणे करणे अटळ नसते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तोही हलका नाही. स्वतःहून प्राण देणाऱ्यांच्या कथा नसत्या तर महाराष्ट्राचा इतिहास काय उरला असता? १६६० साली पन्हाळ्याहून निघालेल्या शिवाजी महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद सिद्दीच्या छावणीत गेला तेव्हा आपण परत येणार नाही हे त्याला ठाऊक होते. बाजीप्रभूंनी खिंड धरली ती हिशेब कळत असूनच. तुकोबांनीही म्हटले आहे, 'जगाच्या कल्याणा संतांच्या विभूती । देह कष्टविती उपकारें'. हे सगळे मला मान्य आहे, आणि बाजीप्रभूंची गोष्ट वाचताना माझाही कंठ दाटून येतो. पण तुकोबांच्या ओळीत देह कुणाचा आहे? संतांचा स्वतःचा. बाजीप्रभूंच्या हाती तलवार होती, ते सरदार होते, त्यांना दुसरे काही ठरवता आले असते. आमच्या एकांकिकेतली पोर हसत पाळीत उतरते म्हणून तिची तुलना बाजीप्रभूंशी करणाऱ्यांनी एवढेच सांगावे की ती रडत उतरली असती तर गावाने तिला परत घरी पाठवले असते काय? नसते पाठवले. मग त्या हसण्याला संमती कसे म्हणायचे? ते हसू तिचे नव्हते, संहिता लिहिणाऱ्याने आपल्या सोयीसाठी तिच्या चेहऱ्यावर चिकटवलेले होते.

आत्मार्पणाची कथा प्रामाणिकपणे कशी लिहिली जाते हे पाहायचे असेल तर सातव्या शतकात हर्षाने लिहिलेले 'नागानन्द' पाहावे. गरुड नागांचा सर्रास संहार करतो म्हणून नागराज वासुकी त्याच्याशी करार करतो: रोज एक नाग पाठवू, बाकीच्यांना सोड. म्हणजे अनेकांसाठी एक हे तत्त्व तेथे राजमान्य आहे आणि रीतसर चालू आहे. शंखचूडाची पाळी येते, त्याची म्हातारी आई आकांत करते, आणि विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतः जाऊन बसतो. मला या नाटकातली सर्वांत मोठी जागा ती वाटत नाही. करार ऐकल्यावर जीमूतवाहन विचारतो की वासुकीला जिभा दोन हजार, आणि त्यांतल्या एकीलाही 'आज मी जातो' असे म्हणता आले नाही काय? सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराने चिठ्ठ्यांच्या मडक्यात हात घालून राजाची चिठ्ठी शोधली आहे. आणि नाटक संपते ते जीमूतवाहनाच्या गौरवावर थांबून नव्हे. गरुड पश्चात्ताप पावतो आणि करारच संपतो. दुसऱ्या दिवशी कुणाची पाळी नसते. नागांविषयीचे हे नाटक नागपुरात आजवर फारसे बोलले जात नाही याचे मला नवल वाटते, कारण १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी दीक्षेसाठी हे शहर का निवडले हे सांगताना नाग लोकांचाच वारसा पुढे केला होता. असो, हे थोडे विषयांतर झाले.

माझा मुख्य साक्षीदार मात्र कुंती आहे, कारण तिने हा पेच दोनदा सोडवला आणि दोन्ही वेळा वेगळा. एकचक्रा नगरीत बकासुराशी ठराव झालेला असतो: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. पाळी यजमान ब्राह्मणाच्या घरावर येते आणि त्या घरात जो संवाद होतो तो मुळातून वाचण्यासारखा आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला तर एरवीही परक्या घरी द्यायचेच आहे तर आताच द्या, आणि बोबडे बोलणारा लहान मुलगा गवताची काडी घेऊन म्हणतो, या काडीने मी राक्षसाला मारतो. तेथे प्रत्येकाला तोंड आहे. कुंती ते ऐकते आणि स्वतःचा मुलगा पाठवते, आणि त्यासाठी युधिष्ठिराचा रागही सोसते. भीम बकाला मारतो, ठराव संपतो. यापेक्षा सुंदर उत्तर कुणी दिले आहे?

पण याच आदिपर्वात, या घटनेच्या थोडेच आधी, वारणावताचे लाक्षागृह जळालेले असते. सहा माणसे येथे ठेवून, कुणाच्या लक्षात न येता आपण निघून जाऊ, असे युधिष्ठिरानेच बोलून दाखवलेले असते. मग कुंती दानाच्या निमित्ताने भोजन घालते, आणि काळानेच प्रेरिल्यासारखी एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन तेथे येते, भरपूर पिते आणि तेथेच झोपी जाते. सकाळी राखेत सहा देह सापडतात आणि नगरजन पांडव गेले म्हणून शोक करतात. त्या बाईला नाव नाही. तिच्या मुलांना संवाद नाही, हातात काडीही नाही. आणि येथे तर अनेकांसाठी एक हा हिशेबही नाही. सहांसाठी सहा आहेत. बेरीज सारखी असताना पारडे झुकते कसे? उत्तर उघड आहे आणि ते संख्येत नाही. व्यासांनी त्यावर एक शब्दही भाष्य केले नाही. परंतु दोन्ही घटना त्यांनी शेजारी ठेवल्या, आणि यजमानाच्या पोरासाठी कळवळणाऱ्या कुंतीच्या अंगाला अजून धुराचा वास येत असेल हे वाचणाऱ्यावर सोपवले. कथेने न्यायनिवाडा करावा असे मी म्हणत नाही ते याचसाठी. निवाडा न करताही कथा जमाखर्चाची वही उघडी ठेवू शकते.

म्हणूनच दुसऱ्या पक्षाचे, बंदी मागणाऱ्यांचे म्हणणेही मला पटत नाही. कायदा अघोरी कृत्याविरुद्ध आहे, कथेविरुद्ध नाही, आणि बळीच्या कथा खोडून टाकल्या तर सर्वांत आधी शुनःशेप आणि ती निषादी पुसली जातील. आपल्या शहराने तर बळीची कल्पना रस्त्यावर आणूनही ती निरुपद्रवी करून दाखवली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, इतवारीत लोटालोटी होते आणि 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाचे सगळे दुखणे आपण कागद-बांबूच्या बाईवर लादून तिला जाळून येतो. बाईच का, हा प्रश्न तेथेही विचारता येईल आणि विचारावाच. पण ती बाई कागदाची असते. दिवाळीत ओवाळताना हीच ईडा पीडा वेगळ्या वाक्यात येते: 'ईडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो'. ज्या बळीच्या डोक्यावर पाय देऊन त्याला पाताळात घातले गेले, त्याचेच राज्य आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मागत आल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हाच धागा पकडून ती कथा पायाखालच्या माणसाच्या बाजूने वाचली. त्यांनी कथेवर बंदी मागितली नाही, तिच्यातला हिशेब तपासायला मागितला.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरनगर चौकाजवळच्या एका टपरीवर त्या चमूतली काही मुले तर्री पोहे खाताना भेटली. पारितोषिक मिळाल्याने खुशीत होती. पाळीत उतरणारी मुलगीही होती. तिचे काम पंचविसाव्या मिनिटाला संपते आणि उरलेला वेळ ती विंगेत अंगावरची माती पुसत उभी असते, असे तिने हसत सांगितले. मी दिग्दर्शकाला विचारले, त्या मडक्यात प्रयोगाच्या वेळी तुम्ही चिठ्ठ्या किती टाकता?

"एकच टाकतो ना सर," तो म्हणाला, "बाकीच्या कोण पाहून राहिलं?"